वाचकांचे प्रश्न : रिव्हर्बचे प्रकार आणि त्यांची निवड

ध्वनिमुद्रण आणि ध्वनिमिश्रण यांविषयी आलेल्या प्रश्नांपैकी रिव्हर्बशी संबंधित प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. प्रश्न निरनिराळ्या वाचकांचे असले तरी त्यांच्या मुळाशी एकच अडचण दिसते. सॉफ्टवेअरच्या यादीतील नावे जागांची आणि यंत्रांची असतात. ऐकणाऱ्याला मात्र यंत्र ऐकू येत नाही, त्याला परावर्तने किती लवकर आली, किती दाट झाली आणि कशी विरली एवढेच ऐकू येते. उत्तरे देताना हाच धागा धरून ठेवला आहे.

प्रश्न : माझ्या सॉफ्टवेअरमध्ये रूम, हॉल, चेंबर, प्लेट आणि स्प्रिंग असे पर्याय आहेत. पहिली तीन नावे जागांची आहेत हे समजते. परंतु पत्रा आणि स्प्रिंग यांचा जागेच्या निनादाशी संबंध काय? आणि रिव्हर्ब हा इको किंवा डिले यांहून नेमका वेगळा कसा?

उत्तर : बंदिस्त जागेत आवाज झाला की तो सर्वांत आधी थेट कानापर्यंत पोहोचतो. त्यामागोमाग जमीन, छत आणि जवळच्या भिंती यांवर एकेकदा आपटून आलेली मोजकी परावर्तने येतात. त्यांपैकी प्रत्येकाची वेळ आणि दिशा वेगळी असते. पुढे ती पुन्हा पुन्हा आपटत राहतात, दर सेकंदाला येणाऱ्या परावर्तनांची संख्या लोटलेल्या वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते, आणि लवकरच ती इतकी दाट होतात की एकही सुटे ओळखू येत नाही. प्रत्येक आघातात थोडी ऊर्जा शोषली जात असल्यामुळे हा दाट प्रवाह ओसरत जातो. या सगळ्या घटनाक्रमाला निनाद म्हणतात, आणि तोच यंत्राने किंवा गणिताने घडवला की त्याला रिव्हर्ब म्हणण्याची पद्धत आहे. प्रतिध्वनी म्हणजे इतक्या उशिरा परतलेले परावर्तन की कान ते मूळ आवाजापासून वेगळे काढू शकतो. १७ मीटर दूर असलेल्या भिंतीपर्यंत जाऊन परत येण्यास आवाजाला साधारण एक दशांश सेकंद लागतो, आणि तेवढ्या अवधीनंतर टाळी स्पष्टपणे दुसऱ्यांदा ऐकू येते. डिले हा परिणाम अशाच सुट्या पुनरावृत्तींवर आधारलेला असतो.

निनादाचे मोजमाप प्रथम शास्त्रशुद्ध रीतीने केले ते हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी. १८९५ साली त्यांच्याकडे विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहाचे काम सोपवण्यात आले. तिथे शब्दावर शब्द चढून वक्त्याचे बोलणे कळेनासे होत असे. ऑर्गनची नळी, वेळ मोजण्याचे साधन आणि शेजारच्या नाट्यगृहातून आणलेल्या गाद्या यांच्या साहाय्याने त्यांनी रात्री-रात्री प्रयोग केले आणि खोलीचे घनफळ, शोषक पृष्ठभाग व निनादकाल यांचे नाते सूत्रात बांधले. आजही निनादकाल म्हणजे आवाजाची पातळी ६० डेसिबलने उतरण्यास, अर्थात ऊर्जा दहा लाखांश होण्यास, लागणारा वेळ असे मानले जाते. आपल्या प्लगइनमधील (मुख्य ध्वनी-सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरमधील) ‘डिके’ हा आकडा बहुतेक वेळा हाच असतो.

चेंबर हा सर्वांत जुना स्टुडिओ-उपाय. टणक आणि गुळगुळीत भिंतींच्या रिकाम्या खोलीत एक स्पीकर व एक-दोन मायक्रोफोन ठेवायचे, मुद्रित आवाज स्पीकरवर वाजवायचा आणि खोलीने त्यात भरलेला निनाद पुन्हा मिश्रणात आणायचा, अशी ही सरळ पद्धत आहे. १९४७ साली शिकागोमध्ये बिल पुटनम यांनी हार्मोनिकॅट्स या त्रिकुटाच्या मुद्रणासाठी स्नानगृहाचा असा उपयोग केला, आणि त्यानंतर लोकप्रिय संगीतात कृत्रिम निनाद जाणीवपूर्वक वापरला जाऊ लागला. चेंबरची खोली लहान असल्यामुळे परावर्तने लवकर दाट होतात, पण टणक भिंतींमुळे ती लवकर विरत नाहीत. लहान जागा आणि लांब निनाद हा संयोग निसर्गात क्वचित आढळतो. चेंबरचा आवाज भरीव आणि तरीही जवळचा वाटतो तो यामुळे.

आता पत्र्याकडे वळू. चेंबरला जागा लागते, ओलावा आणि बाहेरचा गोंगाट यांपासून तिला जपावे लागते, शिवाय तिचा निनादकाल सहजी बदलता येत नाही. १९५७ साली ईएमटी या जर्मन कंपनीने आणलेल्या ‘ईएमटी १४०’ या यंत्रात साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि केवळ अर्धा मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा चौकटीत ताणून टांगलेला होता. एक चालक घटक पत्र्याला कंप देत असे आणि पत्र्यावर बसवलेले संवेदक तो कंप पुन्हा विद्युत संकेतात रूपांतरित करत. शेजारी एक शोषक फळी असे. ती पत्र्याच्या जवळ आणली की निनाद आखूड होई आणि दूर नेली की लांब. पत्र्यातील तरंग हवेतील ध्वनीप्रमाणे वागत नाहीत. पत्रा वाकत-वाकत कंप पावतो आणि अशा तरंगांचा वेग कंप्रतेबरोबर वाढतो, त्यामुळे तीव्र कंप्रता कडेपर्यंत आधी पोहोचून परत येतात आणि मंद्र कंप्रता मागाहून येतात. परिणामी, खोलीत ऐकू येणारी सुटी सुरुवातीची परावर्तने पत्र्यात जवळजवळ नसतातच. पहिल्या क्षणापासून दाट आणि उजळ प्रवाह मिळतो. भिंती किती दूर आहेत, छत किती उंच आहे, यांपैकी काहीही तो कानाला सांगत नाही. माझ्या मते प्लेटच्या दीर्घकाळ टिकलेल्या लोकप्रियतेचे खरे कारण हे आहे की ती स्वराला लांबी देते, पण त्याला कोणत्याही जागेत नेऊन बसवत नाही. गायकाचा आवाज समोरच राहतो आणि त्याच्यामागे चमक उरते.

स्प्रिंगची कथा थोडी निराळी आहे. लांब पल्ल्याच्या टेलिफोन-तारांमधील विलंबाचा अभ्यास करण्यासाठी बेल प्रयोगशाळेत स्प्रिंगांचा उपयोग होत असे. लॉरेन्स हॅमंड यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस ती कल्पना आपल्या ऑर्गनसाठी घेतली, कारण घरातील लहान खोलीत ऑर्गन फार कोरडा वाजतो अशी ग्राहकांची भावना होती. पुढे १९६१ साली फेंडर कंपनीने गिटारसाठी वेगळा स्प्रिंग-रिव्हर्ब आणला आणि लवकरच तो अॅम्प्लिफायरमध्येच बसवला जाऊ लागला. स्प्रिंगमध्ये कंप एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाण्यास सुमारे ३० ते ४० मिलिसेकंद घेतो आणि मागेपुढे होत राहतो. शिवाय वेगवेगळ्या कंप्रता वेगवेगळ्या वेळी पोहोचतात. त्यामुळे ठसक्याने वाजवलेल्या स्वरामागे जो ठिबकणारा, घसरत जाणारा नाद येतो तो स्प्रिंगची ओळख ठरला. दोन किंवा तीन वेगळ्या स्प्रिंगा एकत्र वापरल्या की त्याचा खडबडीतपणा कमी होतो, पण जात नाही. ड्रमवर तो बहुधा खटकतो. इलेक्ट्रिक गिटारवर मात्र तो वाद्याचाच भाग वाटतो.

रूम आणि हॉल ही नावे आज बहुतेक ठिकाणी गणिती रिव्हर्बची असतात. त्याचा पाया बेल प्रयोगशाळेतील मॅनफ्रेड श्रोडर यांनी १९६१ आणि १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांनी घातला. आवाज विलंबित करून स्वतःमध्येच परत सोडणारी फीडबॅक-वलये समांतर जोडायची आणि त्यांच्यापुढे दाटी वाढवणारे ‘ऑल-पास’, म्हणजे सर्व कंप्रता सारख्याच जाऊ देणारे, गाळण एकामागोमाग लावायचे, ही त्यांची रचना. दर सेकंदाला सुमारे हजार परावर्तने असतील तर निनाद तुटक वाटत नाही, असा त्यांचा अंदाज होता. नंतरच्या अभियंत्यांना, विशेषतः ड्रमसारख्या तुटक आवाजांसाठी, याहून बरीच अधिक दाटी आवश्यक वाटली. १९७६ साली बॅरी ब्लेसर यांनी घडवलेला ‘ईएमटी २५०’ आणि १९७८ साली डेव्हिड ग्रिसिंगर यांच्या कामातून आलेला ‘लेक्सिकॉन २२४’ यांनी हे गणित स्टुडिओत पक्के रुजवले. ‘रूम’ निवडल्यावर सुरुवातीची परावर्तने ठळक आणि निनाद आखूड, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आसपास, मिळतो. ‘हॉल’मध्ये दाटी सावकाश वाढते आणि निनाद दीड ते तीन सेकंद रेंगाळतो.

प्रश्न : प्री-डिले, डिके, डॅम्पिंग, डिफ्युजन, मिक्स अशी अनेक बटणे समोर असतात. मी ती फिरवत बसतो आणि शेवटी तयार प्रीसेटच ठेवतो. आधी कशाला हात लावावा?

उत्तर : बहुतेक जण डिकेपासून सुरुवात करतात, कारण तो आकडा समजायला सोपा आहे. माझा आग्रह प्री-डिलेपासून सुरुवात करण्याचा आहे. संगीत चालू असताना निनादाचा मोठा भाग पुढच्या स्वराखाली झाकला जातो. कानाला मिळतो तो प्रामुख्याने निनादाचा पहिला उतार. एक हिशेब पाहावा. डिके २ सेकंद असेल तर निनाद दर सेकंदाला ३० डेसिबलने उतरतो. तो गायनाच्या १५ डेसिबल खाली मिसळला असेल आणि गायनाच्या ३० डेसिबल खाली जे काही असेल ते इतर वाद्ये झाकून टाकत असतील, तर निनाद फक्त अर्धा सेकंद ऐकू येईल. उरलेला दीड सेकंद मिश्रणाच्या तळाशी गाळासारखा साचतो आणि केवळ विरामात वर येतो. डिके २ सेकंदांवरून २.३ केल्याने होणारा फरक गजबजलेल्या गाण्यात कळतही नाही. प्री-डिले ५ वरून ४० मिलिसेकंद केल्याने होणारा फरक मात्र लगेच कळतो.

प्री-डिले म्हणजे मूळ आवाज आणि निनादाची सुरुवात यांमधील अंतर. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, तेव्हा २० मिलिसेकंदांचा प्री-डिले म्हणजे पहिल्या परावर्तनाने थेट आवाजापेक्षा सुमारे ७ मीटर अधिक वाट चालणे. प्री-डिले वाढवला की खोली मोठी होते असे सर्वत्र लिहिलेले आढळते आणि ते अर्धेच खरे आहे. मोठ्या सभागृहात गायकाच्या अगदी जवळ उभे राहिल्यास थेट आवाज आणि पहिले परावर्तन यांमधील अंतर बरेच असते. त्याच सभागृहात शेवटच्या रांगेत गेल्यावर थेट आवाज आणि परावर्तने जवळजवळ एकत्र पोहोचतात, म्हणून ते अंतर घटते. खोली बदललेली नसते, बदलते ते ऐकणाऱ्याचे स्थान. म्हणून प्री-डिलेकडे गायकाला पुढे आणण्याचे किंवा मागे नेण्याचे साधन म्हणून पाहावे. मुख्य गायनासाठी २० ते ६० मिलिसेकंदांच्या दरम्यान कानाने शोधावे आणि साथीच्या आवाजांसाठी तो शून्याजवळ ठेवावा. याच्या फार पुढे गेल्यास, विशेषतः ड्रमवर, निनाद मूळ आवाजापासून सुटून वेगळा आघात वाटू लागतो.

त्यानंतर डिके. तो ठरवताना गाण्याची लय लक्षात घ्यावी. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची असते. स्नेअर ड्रमचा निनाद पुढच्या आघातापूर्वी पुरेसा ओसरला आहे का, एवढे ऐकावे. आकडा लयीशी तंतोतंत जुळवण्याचे कोष्टक अनेक जण वापरतात, पण कानाने ठरवलेल्या मूल्याला कोष्टकासाठी बदलण्याची गरज मला कधी वाटलेली नाही.

डॅम्पिंग म्हणजे तीव्र कंप्रता किती लवकर विराव्यात याचे नियंत्रण. हवा आणि मऊ पृष्ठभाग तीव्र कंप्रता अधिक शोषतात, म्हणून नैसर्गिक निनाद उतरता-उतरता मंद आणि उबदार होत जातो. डॅम्पिंग अजिबात न ठेवल्यास ‘स’ आणि ‘श’ या वर्णांच्या सळसळीचे फवारे मागे रेंगाळतात. डिफ्युजन परावर्तनांची दाटी ठरवते. ड्रम, टाळ्या यांसारख्या तुटक आवाजांसाठी ते जास्त हवे, नाहीतर निनादाऐवजी खडखड ऐकू येते. गायनावर ते थोडे कमी ठेवल्यास शब्द अधिक मोकळे राहतात.

प्रश्न : कन्व्होल्यूशन रिव्हर्ब प्रत्यक्ष सभागृहांतून मुद्रित केलेला असतो, तर अल्गोरिदमिक रिव्हर्ब गणिताने रचलेला असतो. मग पहिलाच श्रेष्ठ मानायला नको का?

उत्तर : श्रेष्ठतेचा निवाडा करण्याआधी दोन्हींची घडण पाहावी. कन्व्होल्यूशनमध्ये प्रथम जागेचा ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ घेतला जातो, म्हणजे अत्यंत आखूड आवाजाला ती जागा जे उत्तर देते त्याचे मुद्रण. पूर्वी त्यासाठी फुगा फोडत किंवा शर्यतीचे पिस्तूल उडवत. आता मंद्रापासून तारापर्यंत सरकत जाणारा स्वर स्पीकरवर वाजवून त्याच्या मुद्रणातून गणिताने ते उत्तर काढतात, कारण त्यात पार्श्वभूमीचा गोंगाट पुष्कळ कमी राहतो. आन्जेलो फारिना यांनी २००० साली मांडलेल्या पद्धतीत स्पीकरमुळे होणारी विकृतीही बाजूला काढता येते. पुढे आपल्या आवाजाचा प्रत्येक नमुना, म्हणजे एका क्षणाचे मोजमाप, त्या संपूर्ण उत्तराशी गुणून बेरीज केली जाते. ३ सेकंदांचे उत्तर ४८ किलोहर्ट्झला १,४४,००० नमुन्यांचे असते. सरळ मार्गाने गेल्यास दर सेकंदाला सुमारे ६९१ कोटी गुणाकार करावे लागतील. फूरिये रूपांतराच्या युक्तीने हे काम आटोक्यात आले. १९९५ साली विल्यम गार्डनर यांनी विलंबाशिवाय ते करण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि १९९९ साली सोनी कंपनीचे या तत्त्वावरचे स्वतंत्र यंत्र स्टुडिओंसाठी बाजारात आले.

या पद्धतीचे बळ निर्विवाद आहे. विशिष्ट जागेचा विशिष्ट निनाद हवा असेल, उदाहरणार्थ दृश्यात दिसणाऱ्या जिन्यात नंतर मुद्रित केलेला संवाद बसवायचा असेल, तर कन्व्होल्यूशनला पर्याय नाही. परंतु ते एका जागेचे, एका स्पीकरस्थानाचे आणि एका मायक्रोफोनस्थानाचे स्थिर चित्र असते. त्यात डिके वाढवायचा म्हणजे मुद्रित उत्तराला ताणणे किंवा त्याचा उतार बदलणे, आणि ते थोड्याच मर्यादेत नैसर्गिक वाटते. याहून महत्त्वाचे म्हणजे कन्व्होल्यूशन काळानुसार बदलणारी कोणतीही गोष्ट टिपू शकत नाही. लेक्सिकॉनसारख्या यंत्रांत विलंबांच्या लांबी सतत किंचित हलत्या ठेवलेल्या असतात. त्यामुळे धातूसारखा किणकिणाट मोडतो आणि लांब स्वरामागचा निनाद जिवंत वाटतो. अशा यंत्राचे इम्पल्स घेतले तर त्या हालचालीचा एकच क्षण गोठून हाती येतो. स्प्रिंगला जोरात धक्का दिल्यावर येणारी विकृतीही इम्पल्समध्ये येत नाही.

वास्तव जागा पटवून द्यायची असेल तर कन्व्होल्यूशन आणि स्वराला लांबी व झळाळी द्यायची असेल तर अल्गोरिदम, असा माझा पक्षपात आहे. गाण्याच्या मिश्रणात दुसरीच गरज अधिक वेळा पडते.

प्रश्न : गायनाला रिव्हर्ब दिला की आवाज मागे जातो आणि शब्द गढूळ होतात, काढून टाकला की आवाज कोरडा आणि उघडा पडतो. मधला मार्ग कोणता?

उत्तर : या तक्रारीमागे बहुधा तीन कारणे एकत्र असतात आणि रिव्हर्बचा प्रकार बदलून त्यांपैकी एकही जात नाही.

पहिले कारण प्री-डिलेचा अभाव. त्याचा खुलासा वर आला आहे. येथे श्रवणाचा एक नियम जोडतो. हेल्मुट हास यांनी १९४९ साली दाखवून दिले की थेट आवाजानंतर साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत येणारे परावर्तन कानाला वेगळे ऐकू येत नाही. ते मूळ आवाजात मिसळून त्याला भर देते, आणि आवाजाची दिशा मात्र आधी पोहोचलेल्या तरंगावरूनच ठरते. म्हणजे लवकर येणारी परावर्तने आवाजाला पुष्ट करतात. शब्द झाकतो तो नंतरचा दाट प्रवाह. सभागृहांच्या शास्त्रातही भाषणासाठी पहिल्या ५० आणि संगीतासाठी पहिल्या ८० मिलिसेकंदांतील ऊर्जेची नंतरच्या ऊर्जेशी तुलना करून स्पष्टता मोजतात. आवाज उघडा वाटत असेल तर डिके वाढवण्याऐवजी सुरुवातीच्या परावर्तनांची पातळी वाढवून पाहावी. प्लगइनमध्ये तशी स्वतंत्र सोय नसल्यास अर्ध्या सेकंदाहून आखूड असा ‘रूम’ अगदी हलका मिसळावा. तो ऐकू येऊ नये, पण बंद केल्यावर त्याची उणीव भासावी.

दुसरे कारण मंद्र कंप्रता. गायनाचा छातीतून येणारा भाग, श्वासाचे धक्के आणि ‘प’, ‘ब’ यांचे स्फोट निनादात शिरले की गिटार, बास आणि ड्रम यांच्या जागेवर अतिक्रमण होते. रिव्हर्बकडे जाणाऱ्या संकेतावर, रिव्हर्बच्या आधी, गाळणी लावून साधारण ३०० ते ६०० हर्ट्झखालचा भाग कापावा. एकट्याने ऐकताना असा निनाद हडकुळा वाटेल, म्हणून त्याचा निर्णय नेहमी पूर्ण मिश्रणात करावा. वरच्या बाजूलाही ८ ते १० किलोहर्ट्झच्या पुढे उतार दिल्यास सळसळ आवरते. या एका उपायाने मी ऐकलेली जितकी मिश्रणे सुधारली तितकी महागड्या प्लगइननेही सुधारलेली नाहीत.

तिसरे कारण म्हणजे गायक गात असताना आणि थांबल्यावर निनादाची पातळी सारखीच असणे. रिव्हर्बच्या चॅनेलवर कॉम्प्रेसर, म्हणजे पातळी आपोआप दाबणारे साधन, लावून त्याचे नियंत्रण कोरड्या गायनाकडून घ्यावे. शब्द चालू असेपर्यंत निनाद तीन-चार डेसिबल दबून राहतो आणि ओळ संपताच वर येतो.

प्रश्न : गेटेड, रिव्हर्स आणि शिमर हे प्रकार कशासाठी असतात?

उत्तर : या तिन्हींत निसर्गाचे अनुकरण नसते. गेटेडमध्ये निनाद हळूहळू न विरता भरात असतानाच कापला जातो. पीटर गॅब्रिएल यांच्या १९८० साली आलेल्या तिसऱ्या अल्बमच्या मुद्रणावेळी लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत फिल कॉलिन्स ड्रम वाजवत असताना, वादकांचे बोलणे ऐकण्यासाठी टांगलेल्या मायक्रोफोनवरील जोरकस कॉम्प्रेसरमुळे ड्रमचा आवाज अनपेक्षितपणे विराट झालेला अभियंता ह्यू पॅडगम यांच्या कानी पडला. त्यावर नॉइज गेट, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे साधन, लावल्यावर जो आवाज घडला त्याने पुढचे संपूर्ण दशक व्यापले. त्याचे तर्कशास्त्र आजही उपयोगी आहे, कारण मोठ्या जागेचा आकार मिळतो आणि पुढच्या आघातासाठी मैदान मोकळेही राहते. रिव्हर्समध्ये निनाद उलटा होऊन स्वराच्या आधी फुगत येतो. तो एखाद्या प्रवेशाच्या आधी एकदाच वापरावा. शिमरमध्ये निनादाच्या फीडबॅकमध्ये स्वर एका सप्तकाने चढवत नेतात. लांब, मोकळ्या स्वरांच्या रचनेत तो शोभतो आणि भरगच्च रचनेत चटकन कर्कश होतो.

प्रश्न : रिव्हर्ब प्रत्येक ट्रॅकवर स्वतंत्र लावावा की सेंडवर एकच ठेवावा?

उत्तर : सेंडवर, म्हणजे अनेक ट्रॅकचा आवाज हवा तेवढा जिथे पाठवता येतो अशा सामाईक चॅनेलवर, आणि मिक्स १०० टक्के वेट, म्हणजे मूळ आवाज वगळून केवळ निनाद, ठेवून. अनेक वाद्यांनी एकच निनाद वाटून घेतला की ती एकाच जागेत असल्याचा प्रत्यय येतो, आणि निनादावर स्वतंत्र गाळणी किंवा कॉम्प्रेसर लावण्याची वर सांगितलेली कामेही सेंडवरच शक्य होतात. मला साधारणपणे दोन पुरतात. एक आखूड रूम, जो सर्वांना थोडाथोडा मिळतो आणि जागा ठरवतो. दुसरा प्लेट किंवा हॉल, जो मुख्य गायनाला आणि मोजक्या वाद्यांना लांबी देतो. पाच-सहा वेगवेगळे निनाद एकावर एक चढवले की प्रत्येक वाद्य वेगळ्या इमारतीत बसल्यासारखे होते आणि ऐकणाऱ्याला कारण न कळता थकवा येतो. स्प्रिंग मात्र गिटारच्या ट्रॅकवरच लावावा, कारण तिथे तो वाद्याच्या आवाजाचाच घटक असतो.

प्रश्न : घरी मुद्रित केलेल्या निवेदनात खोलीचा निनाद आला आहे. चांगला रिव्हर्ब देऊन तो झाकता येईल का?

उत्तर : नाही. लहान खोलीची परावर्तने पहिल्या १०-१५ मिलिसेकंदांतच आवाजात मिसळून त्याचा पोतच बदलतात, आणि वरून दिलेला हॉल त्या खोलीसकट हॉलमध्ये वाजतो. निनाद कमी करणारी सॉफ्टवेअर आहेत आणि थोड्या मात्रेत ती उपयोगीही पडतात, पण जास्त ताणल्यास शब्दांचे शेवट कुरतडले जातात. पुन्हा मुद्रण करणे शक्य असेल तर मायक्रोफोन तोंडापासून एका वीतभर अंतरावर घ्यावा आणि निवेदकाच्या मागे व बाजूंना जाड, मऊ पडदे किंवा गाद्या लावाव्यात. अंतर निम्मे केले की थेट आवाज निनादाच्या तुलनेत सुमारे ६ डेसिबलने वाढतो.

प्रश्न : हेडफोनवर योग्य वाटलेला रिव्हर्ब स्पीकरवर कमी किंवा वेगळा का वाटतो?

उत्तर : स्पीकरवर ऐकताना ऐकण्याच्या खोलीचा निनाद मिश्रणातील निनादात मिसळतो आणि त्याचे बारकावे झाकतो, हेडफोनमध्ये ही खोली नसते, त्यामुळे निनादाची प्रत्येक कड उघडी राहते आणि तो आहे त्यापेक्षा अधिक वाटतो. परिणामी, केवळ हेडफोनवर काम करणारे बहुधा निनाद कमी ठेवतात. याशिवाय दोन्ही बाजूंना पसरलेला रुंद निनाद एकाच स्पीकरवर, म्हणजे मोनोमध्ये, ऐकल्यास त्यातील विरुद्ध कलेचा (फेजचा) भाग परस्परांना रद्द करतो आणि निनादाची पातळी उतरते. मोबाइलच्या स्पीकरवर अनेक जण असेच ऐकतात. म्हणून सेंडची पातळी स्पीकरवर ठरवावी, निनादाच्या शेवटाकडचा खडखडाट किंवा किणकिणाट हेडफोनवर तपासावा आणि मोनोचे बटण दाबून गायनामागचा निनाद पूर्णपणे नाहीसा होत नाही ना, हे पाहावे. तो नाहीसा होत असेल तर रिव्हर्बची रुंदी कमी करावी. पातळी वाढवल्यास स्टिरिओमध्ये तो अतिरेकी होईल आणि मोनोमध्ये तरीही अपुराच राहील.